कोशाला हात

"पायरीखालीच थांब. शब्द सांग, मी वाचून दाखवतो."

असं ग्रंथपाल नाना म्हणाले. सोलापूरच्या त्या वाचनालयात ज्ञानकोशाच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. बाकीची माणसं आत खुर्चीत बसून पानं उलटायची. मी महार. मी अंगणात, उन्हात, मिलची पाळी करून आलेला. रीतच हुती तशी. आमी शब्द सांगायचा, त्यांनी वाचायचं. कुटं थांबायचं ते त्यांच्या मर्जीवर.

वस्तीत सातवी झालेला मी एकटाच. म्हाताऱ्यांनी धाडलं हुतं, "जगातलं समदं हाय म्हणं त्यात. आपलं काय लिवलंय, बघून ये की."

मी म्हणालो, "महार."

नानांनी खंड काढला. साऱ्या दालनाला ऐकू जाईल असं वाचलं. मेलेली ढोरं ओढणारी, तीच खाणारी, अस्वच्छ जात. आत हशा पिकला.

"झालं समाधान?"

लाज वाटली. मग लाज वाटली म्हणूनच लई राग आला.

"फुडं काय हाय?"

"तुला एवढं पुरे."

"लिवणारा आमच्या वस्तीत कवा आलता?"

"जास्त बोलू नकोस. चालता हो!"

न्हाय झालो. पायऱ्या चढलो अन् मेजावरचा खंड उचलला. काय तो आरडाओरडा! पण मला धरायचं तर शिवावं लागणार, म्हणून एकबी जण फुडं येईना. मी उभ्यानं पानं उलटली. ब, भ, म. ब्राह्मण त्याच पुठ्ठ्यात, आमच्या अलीकडं. त्यांची पानंच्या पानं, आमचा अर्धा रकाना. पण त्या अर्ध्यातलंबी नानांनी गिळलं हुतं. गावाची शीव आमी राखली, पलटणीत लढलो, हे तितंच छापलं हुतं. मी ते मोठ्यानं वाचलं.

खंड ठिवून खाली उतरलो. नानांनी गोमूत्र मागवलं अन् त्या खंडावर ओंजळीओंजळीनं शिंपडलं. शहाण्यांनी स्वतःच्या जातीची पानंबी भिजवली. शाई पसरली, पुठ्ठा फुगला.

"पुन्हा इकडं फिरकलास तर तंगडी मोडीन!"

फाटकात उभा राहून मी म्हणालो, "उद्या येणार हाय. म्होरल्या खंडाला हात लावणार, परवा त्याच्या म्होरल्या. शब्द तुमाला सांगणार न्हाय, माझा मी हुडकणार. शिंपडा किती शिंपडायचं ते. कपाटात एकबी कोरडा ऱ्हाऊ देणार न्हाय."