डिझाइनच्या चौकटीतलं नाव

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. पडदा वर जातो. गारखेड्यातल्या एका तिमजली घराची गच्ची, रविवारची सकाळ. पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लास्टिकचं टेबल. पोह्यांच्या बशा बाजूला सारून त्यावर मोठा कागद अंथरलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर स्टीलचे चार पेले. सगळी माणसं कागदावर वाकलेली. एकच माणूस मागे खुर्चीत ताठ बसलेला, दोन्ही हात मांड्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखा. ते आप्पासाहेब थेटे.

कन्नडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काढलेली. पुंडलिकनगरात आमची दारं समोरासमोर. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाइलवर हौशी माणसं पुठ्ठ्याची रॉकेटं उडवताना पाहिली आणि त्यांना वेडच लागलं. मीच त्यांना या हौशी रॉकेटवाल्यांच्या मंडळात आणलं. माझं तिथं काम एकच, उड्डाणाच्या वेळी दहापासून उलटं मोजायचं. नाटकात चाळीस वर्षं तापवलेला आवाज म्हातारपणी एवढ्याच कामाचा उरला होता.

मंडळाच्या प्रत्येक आराखड्याखाली दोन चौकटी असत, 'डिझाइन' आणि 'बनावट'. हिवाळ्यात पुण्याला हौशी लोकांचा मेळावा होता आणि आमच्याकडून एकच रॉकेट जाणार होतं. आप्पासाहेबांना त्यावर पहिली चौकट हवी होती.

"राजाभाऊ," ते मला म्हणाले होते, "लाखभर पार्ट काढले असतील म्या. हर ड्रॉइंगवर सायबाची सही. एकदा तरी आपलं नाव त्या घरात पडू द्या की."

त्यांनी तीन फुटी रॉकेट कागदावर काढलं. नाक सागवानाचं, स्वतः लेथवर उतरवायचं. शेपटाला चार मोठे पंख.

आता मंडळाची रीत सांगतो. आराखडा मांडायचा आणि लाल पेन टेबलाभोवती फिरवायचा. ज्याला जे खटकेल त्यानं ते कागदावर खुणेनं दाखवायचं. तोवर करणाऱ्यानं गप्प बसायचं. शेवटी पेन त्याच्याकडे येतो आणि मग त्यानं भांडायचं.

श्रीधर सरांनी सुरुवात केली. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, गच्ची त्यांचीच. "आप्पासाहेब, हे नाक आहे की नारळ? आतून पोखरा. वजन उतरलं की उंची वाढेल."

मंदार संगणकाच्या कंपनीत नोकरीला. "आणि काका, पंख केवढे हे! रॉकेट उडवायचंय की कोंबडी? अर्धे कापा."

हशा पिकला. आप्पासाहेबही हसले.

शैलाताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "उंची मोजायचं यंत्र वर नाकापाशी नको. पॅराशूट सुटताना हिसका बसेल. खाली मोटरीजवळ घ्या."

तिघांचं म्हणणं सुटं सुटं खोटं नव्हतं. सरांनी पेन पुढं केला. "हं, आता तुमची पाळी. भांडा!" मागच्याच महिन्यात मंदार आपल्या आराखड्यासाठी तासभर टेबल बडवून भांडला होता.

"नाय सर," आप्पासाहेब म्हणाले. "तुमी शिकलेली माणसं. बरोबरच असंल."

परतताना स्कूटरवर मी त्यांना विचारलं, का नाही भांडलात, तर म्हणाले, "इंजिनियरनं लाल खूण केली की टर्नरनं हात चालवायचा, राजाभाऊ. तोंड नाय."

तीन आठवडे ते हात चालवत राहिले. सगळ्या खुणा पाळल्या, मिलिमीटरनं. एका संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या गच्चीवर बोलावलं. रॉकेट जिथं तोलून राहतं तिथं दोरा बांधून त्यांनी ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. जमलेलं रॉकेट नाक पुढं धरून फिरतं. हे शेपूट पुढं करत होतं, मध्येच आडवं होत होतं.

"बघितलं? नाक हलकं झालं, बूड जड झालं, अन् आवरायला पंख नाय. सांगू का सरांना?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "आप्पासाहेब, दिग्दर्शकानं सांगितलं की नटानं करावं. एवढी मोठी माणसं, त्यांनी विचार केलाच असेल." आयुष्यात एवढी वाक्यं पाठ केली, पण याच्याइतकं खोटं वाक्य मी रंगमंचावरही बोललो नाही.

उड्डाण शहराबाहेरच्या पडीक रानात होतं. मी दहापासून शून्यापर्यंत आलो. रॉकेट सळईवरून सुटलं, कडुलिंबाच्या उंचीला गेलं, आडवं झालं आणि सुसाट जाऊन बांधात घुसलं. नाक उभं चिरलं.

"काका, तोल तपासला नव्हता का?" मंदारनं विचारलं.

"तपासला व्हता."

"मग?"

"तुमच्या खुणा व्हत्या ना."

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो, त्या सूचना होत्या, हुकूम नव्हे! भांडा म्हणालो होतो ना मी?" सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. असता तर मला काही बोलता तरी आलं असतं. शैलाताईंनी नोंदवहीत लिहिलं : उड्डाण अयशस्वी. डिझाइन, आप्पासाहेब थेटे.

पुढच्या महिन्यात मंदारनं जड नाक आणि मोठे पंख परत आणले. "काका, नाक तेवढं नवीन उतरवून द्या," असं आप्पासाहेबांनाच सांगितलं, आणि त्यांनी दोन दिवसांत उतरवून दिलं. रॉकेट सरळ वर गेलं. पुण्याला तेच जायचं ठरलं. कागदावर डिझाइन मंदार, बनावट आप्पासाहेब थेटे.

हे ठरलं त्या रविवारी आप्पासाहेब आले नव्हते. मी उभा राहिलो. हा आराखडा पहिल्यापासून त्यांचाच आहे, असं आवाज चढवून बोललो. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं बोललो. बोलून झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा, राजाकाका! अजून काय आवाज आहे!" मंदार शांतपणे म्हणाला, "पडलेलं रॉकेट दुरुस्त कुणी केलं? रेकॉर्डला तेच आहे." चौकट बदलली नाही.

मी तसाच आप्पासाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, सुरेखावहिनी, पिशव्या भरत होत्या. दोघं कन्नडला भावाच्या शेतावर राहायला निघाले होते. तिथून ते परत आलेच नाहीत. फाल्गुनात आप्पासाहेब गेल्याचा वहिनींचा फोन आला, आणि त्यांना शेवटचं पाहण्यासाठी मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून त्या दिवशी दारात जे बोलणं झालं, तेच शेवटचं. मी म्हणालो, पुढच्या रविवारी मी पुन्हा उभा राहतो, पुन्हा भांडतो.

त्यांनी पायात चपला सरकवल्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी भांडून काय उपेग? ज्याचं त्यानं भांडावं लागतं. अन् मला ते येत नाय, राजाभाऊ. कधी आलंच नाय."