प्रकरण तिसरे : महासीरला असलेले धोके

चहा समोर आलाच आहे, तर माझा गाढवपणा सांगूनच टाकतो. नाहीतरी सुखदेवभाऊ पारशिवनीभर सांगत फिरतोच आहे! त्याच्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका, म्हणजे निदान मी त्यात थोडा बरा दिसेन.

महासीर माहीत आहे ना? नदीतला मासा. एकेकाळी पेंच नदीत भरपूर होता, आता दिसला तर हार घालावा इतका दुर्मिळ. तो पुन्हा वाढवायचा कसा, याची योजना लिहायचं काम माझ्याकडे आलं. का? मी मासेतज्ज्ञ म्हणून? छे हो! माझा मसुदा स्वच्छ असतो म्हणून. नागपूरच्या सदर भागातल्या ऑफिसात बसून मी गिधाडांपासून बांबूपर्यंत सगळ्यांच्या योजना लिहिल्या आहेत. महासीर मी फक्त फोटोत पाहिला होता, तोही पूर्ण वाढलेला; पिल्लू कधीच नाही.

सुखदेवभाऊ म्हणजे पारशिवनीकडच्या मासेमारांचा म्होरक्या. आमच्या योजनेसाठी त्याच्या गावाने एका डोहात जाळं टाकणं बंद केलं होतं. मे महिन्यात तोच डोह आटायला लागला. तेव्हा त्यातली अर्ध्या बोटाएवढी अकरा पिल्लं कॅनमध्ये घालून तो थेट माझ्या घरी आला.

"सर, सरकारी हौद काही पावसाआधी होत नाही. तवरिक तुमच्या गच्चीवरच्या टाकीत ठेवा. गाव मले म्हणून राहिलं, आपण जाळं टाकणं सोडलं अन् तू पोरं नागपूरच्या साहेबाले देऊन राहिला! मी म्हटलं, लय जाणता मानूस हाये. पाऊस पडला का अकराच्या अकरा परत पायजे."

"अकराच्या अकरा!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

मासे टाकीत सोडले आणि मी लिखाणाला बसलो. प्रकरण तिसरं चालू होतं, 'महासीरला असलेले धोके'. वाळूउपसा, बारीक जाळी, आटणारे डोह... काय भाषा लागली होती म्हणून सांगू! फक्त घरातल्या कूलरचा आवाज आड यायचा. नागपूरचा मे आणि आमचा जुना लोखंडी कूलर, दोघंही सारखेच गरजतात. मी कूलर बंद करायचो की बायको, सुनंदा, स्वयंपाकघरातून धावत यायची.

"काहून बंद केला जी? चालू द्या ना!"

"अगं, मला धोके लिहायचे आहेत!"

"मंग कानात बोळे घाला. कूलर बंद नाही करायचा!"

किती उकडतं या बाईला, असं मनात म्हणून मी पुन्हा लिहायला लागायचो. मधूनमधून ती टाकीबद्दलही काहीतरी सांगायची. मी 'हं' म्हणायचो. लिहिताना मी घराला आग लागली तरी 'हं' म्हणतो.

दर रविवारी मी गच्चीवर जाऊन मासे बघायचो. दुसऱ्याच रविवारी बघतो तर काय, अर्ध्या बोटाचे मासे पाव बोटाचे झालेले! तुम्ही घाबरला असता. मी वहीत लिहिलं, 'उष्णतेच्या ताणामुळे आकारात घट.' पुढच्या रविवारी मोजले, तर अकराचे तीस! त्यापुढच्या रविवारी मोजणंच सोडलं. इवली इवली पिल्लं सगळीकडे वळवळत होती. मी लिहिलं, 'बंदिस्त अवस्थेत, अल्पवयात प्रजनन!' जगात कोणी केलं नसेल ते माझ्या गच्चीवर झालं होतं.

लगेच योजना मंजूर करणाऱ्या समितीच्या मोठ्या साहेबांना फोन केला, सुखदेवभाऊलाही बोलावलं. भर उन्हात तिघं गच्चीवर गेलो. मी टाकीचं झाकण असं उघडलं, जसा काही पुतळ्याचा पडदाच बाजूला करतोय.

सुखदेवभाऊने वाकून पाहिलं. ओंजळीत एक मासा घेतला.

"सर, हे काय होय?"

"महासीर. दुसरी पिढी!"

"हे महासीर होय?" त्याने ओंजळ माझ्या नाकासमोर धरली. "हे त गप्पी मासे हायेत, सर. मच्छरच्या अळ्या खाव्या म्हणून मच्छरवाले टाक्यात सोडतात थे!"

साहेबांनी टाकीकडे पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"मंग आमची पोरं कुठी हायेत?" सुखदेवभाऊने हळूच विचारलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आता हा गावात काय तोंड दाखवणार? इतके दिवस मी त्या माशांवर पानंच्या पानं लिहीत होतो, पण ते अकरा जीव आहेत हे मला त्या क्षणी कळलं. लाज वाटली, खरंच सांगतो.

"आधी खाली चला," साहेब घाम पुसत म्हणाले. "कूलरसमोर बसून बोलू."

खाली येऊन बसलो. क्षमा मागायची तर शांततेत मागावी, म्हणून मी सवयीने कूलर बंद केला.

सुनंदा चहाचा ट्रे घेऊनच धावली. "अहो, किती खेपा सांगू तुमाले? बंद नका करू, मरतीन थे!"

"कोण मरतीन, वहिनी?" सुखदेवभाऊ उठलाच.

तिने ट्रे ठेवला, कूलर चालू केला आणि मागची जाळी काढली. आत वाळ्याच्या ताट्यांवरून गार पाणी टपटपत होतं. पंपाला कांद्याच्या पिशवीची जाळी बांधलेली. आणि पाण्यात बोटाबोटाएवढे मासे, सगळे धारेकडे तोंड करून उभे! सुखदेवभाऊने गुडघ्यावर बसून मोजले. पुन्हा मोजले. अकरा.

"टाकीचं पाणी उकळून राहिलं होतं," सुनंदा म्हणाली. "मी यांले म्हटलं, कूलरमध्ये ठेवते. हे म्हणे, हं. मंग मच्छरवाले आले, रिकाम्या टाकीत त्यांचे मासे सोडून गेले. थेही सांगतलं. हे म्हणे, हं."

"गार पाणी, पडती धार, खेळती हवा," साहेब कूलरमध्ये डोकं घालून म्हणाले. "महासीरला आणखी काय लागतं?"

पाऊस पडल्यावर अकराच्या अकरा डोहात गेले. सुनंदाने स्वतः सोडले, मी छत्री धरली. सुखदेवभाऊ तिला म्हणाला, "वहिनी, पुढच्या साली पोरं तुमच्याच हाती देईन. सरले सांगाचीबी गरज नाही."

योजनाही मंजूर झाली. फक्त साहेबांनी तिसरं प्रकरण परत पाठवलं, वाळूउपसा, बारीक जाळी आणि आटणारे डोह यांच्याखाली एक महत्त्वाचा धोका राहून गेलाय म्हणून. तो मी माझ्याच हाताने लिहिला. तुम्ही सदरला आलात तर दाखवेन. स्वच्छ अक्षरात आहे :

'४. योजना लिहिणारा घरी असणे.'