पेजेचा टोप
शेजारच्या खोलीतून उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. तेव्हा परळच्या आमच्या चाळीतल्या बायका इस्पितळाबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटांना दुपारचं जेवण न्यायच्या. मी पहाटे उठून चपात्या आणि बटाट्याची भाजी करायचे. शेजारीण नुसती पातळ पेज आणायची, तरी रांग तिच्याच टोपापुढे लागायची. एकदा पेज शिजवून ती तापानं आडवी पडली आणि तो जड टोप मलाच न्यावा लागला. गळ्याला पट्टी बांधलेल्या एका माणसाच्या बायकोनं विचारलं, “पेजवाल्या मावशी नाही आल्या?” मी म्हटलं, “मी आलेय ना! चपाती घे, तूप लावलंय.” ती म्हणाली, “यांना गिळवत नाही हो. पेजच तेवढी घशाखाली उतरते.” मी टोपातून वाटी भरली. त्यानं घोट घोट करत ती संपवली आणि हात जोडले. बायको म्हणाली, “मावशींना सांगा, आज यांचं पोट भरलं.” घरी आल्यावर शेजारणीनं अंथरुणातूनच विचारलं, “संपली का गं?” मी म्हटलं, “संपली, पण मीठ कमी होतं.” पोट भरल्याचा तो निरोप मी तिला अजून दिलेला नाही आणि देणारही नाही. टोप मी वाहिला होता.