केळीचे खांब, एक मासा आणि अक्काची आंघोळ

चोपड्याकडची आमची ही छोटी नदी जिवंत करायला आम्ही दर रविवारी जमतो. गाळ किती निघाला ते कोणालाच आठवत नाही, पण किस्से इतके साठलेत की ट्रॅक्टर पुरायचा नाही!

आमचे पुढारी नाना. मोठे केळीवाले. पहिल्याच दिवशी त्यांनी भाषण ठोकलं, "नदीत केळीचे खांब टाकणाऱ्याला लाज वाटायला पाहिजे!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांचाच ट्रॅक्टरवाला भरलेली ट्रॉली घेऊन काठावर हजर.

"नाना, खांबं रोजना जागावरच टाकू ना?"

*

बुजलेला झरा कुठे असेल, ते मी सांगत होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो ना! "जिथे चिखल गार लागेल तिथे झरा," असं म्हणत पुढे गेलो आणि कमरेपर्यंत रुतलो. चिखल मात्र गारेगार! मोटर दुरुस्त करणारे रशीदभाई काठावरून ओरडले, "मास्तर, हलू नका! आम्ही फावडी आणतो, तोवर खूण म्हणून तुम्हीच राहा!"

झरा तिथेच निघाला.

*

पाहणीला जळगावहून एक साहेब आले. सगळीकडे फिरले, चहा घेतला, मग घड्याळ बघत म्हणाले, "चला, आता नदी दाखवा."

"साहेब, बूट सांभाळा," नाना म्हणाले. "तुम्ही नदीतच उभे आहात."

*

पावसाळ्यानंतर झऱ्याच्या डोहात मासा दिसला. बोटभर, पण मासा! नानांचे डोळे भरून आले. "याला कोणी हात लावायचा नाही!"

रशीदभाई म्हणाले, "नाना, तुम्ही तर माळकरी. तुम्हाला काय फरक पडतो?"

"म्हणूनच! मला नाही, तर कोणालाच नाही!"

*

झऱ्यावर मोटर लावायची नाही, असं ग्रामसभेत ठरलेलं. तरी ऐन उन्हाळ्यात एक वीटभट्टीवाला मोटर घेऊन आला. मोटर बसली असती, तर दोन दिवसांत डोह कोरडा! आम्ही घाईघाईने अर्ज लिहायला बसलो.

काठावर राहणारी अक्का अर्जाबिर्जात पडली नाही. सत्तरीची बाई, लुगड्यानिशी थेट डोहात जाऊन बसली. वीटभट्टीवाला जवळ येताच गरजली, "दिखत नही का? मी आंघोय करी ऱ्हायनू! तोंड फिराव!"

तो बिचारा मागे फिरला. दुपारी आला, अक्का डोहात. संध्याकाळी आला, अक्का डोहात. असे तीन दिवस! चौथ्या दिवशी मोटर पिकअपमध्ये टाकून तो निघून गेला.

मी म्हटलं, "अक्का, आता तरी बाहेर ये. दिवसातून तीन-तीन आंघोळी?"

अक्काने अंगावर आणखी एक तांब्या ओतला.

"मास्तर, नदी कोरडी व्हती, इतला वरीसन्या बठ्ठ्या आंघोया बाकी शेतस ना!"