धुराची रेघ कोण मोडतं?

आधी कबूल करा, कोणी हसणार नाही. ही गोष्ट सांगताना मला अजून संताप येतो, आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नाही. म्हणजे, कळतं. पण थांबा, आधी चहा येऊ द्या.

साठ सालाच्या आसपास मी पनवेलच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. अजून कायम झालो नव्हतो. एप्रिलमध्ये इन्स्पेक्टरसाहेब येणार, माझा तास बघणार. पसंत पडला तर नोकरी कायम. नाही पडला तर मोरा बंदरावर सासऱ्यांच्या दुकानात जाळ्यांची सुतळी विकत बसायचं! आणि सासरे कसे होते, ते विचारूच नका.

मी म्हटलं, साहेबांना असं काही दाखवतो की बघतच राहतील. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते ते! पंखाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो. तो आधी शहाण्यासारखा सरळ वाहतो आणि पुढे कुठेतरी बिथरतो. मग नुसता गोंधळ! पंख खडबडीत असला, वारा जोराचा असला, हादरा बसला, आवाज झाला, की तो लवकर बिथरतो. आहे की नाही सोपं?

आमच्या शाळेत चित्रकलेला मोझेस मास्तर होते. मोझेस आपटेकर. सुतारकामात हात भारी. त्यांनी मला एक लांबट लाकडी पेटी करून दिली. एका बाजूला काच, आत पंख म्हणून गुळगुळीत फळी. मागच्या तोंडाशी टेबलफॅन असा लावला की तो हवा पेटीतून ओढून घेईल. पुढच्या तोंडाशी उदबत्ती. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात एकट्यानं करून पाहिलं. धुराची रेघ फळीवरून अशी सरकली, जशी काही पट्टीनं ओढलीय!

दुसऱ्या दिवशी साहेब येऊन पुढच्या बाकावर बसले, शेजारी हेडमास्तर. पेटीला काही झालंच तर म्हणून मोझेस मास्तरांनाही मी बोलावून घेतलं होतं. मी पेटीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "मुलांनो, नीट बघा!"

धूर आत शिरला आणि फळीवर पोचताच पार विस्कटला.

माझं डोकंच फिरलं. "मोझेस मास्तर! फळीला रंधा मारलात की नारळासारखी खवलीत?"

"अहो कर्णिक, हात फिरवून बघा. कुठं लागतंय काही?"

"उलट उत्तरं देऊ नका! बाहेर व्हा आधी!"

आता मला सांगा, ज्यानं आठवडाभर माझ्यासाठी घाम गाळला, त्याला चारचौघांत असं बोलणं शोभतं का? पण रागात शोभा कोण बघतो?

पुन्हा धूर सोडला. पुन्हा तेच! तेवढ्यात आमचा शिपाई गोमा साहेबांना पाणी घेऊन आला.

"गोमा! पाय आपटत काय चालतोस? हादरे बसतायत!"

"मास्तर, माज्या पायात चप्पल बी नाय!"

"तोंड वर करून बोलतोस? चल, नीघ!"

गोमा निघाला. साहेबांचं पाणीही त्याच्याबरोबर निघालं.

मग मला संशय आला खाडीवरच्या वाऱ्याचा. धडाधड खिडक्या लावून घेतल्या. एप्रिलचा उकाडा, त्यात उदबत्तीचा धूर! साहेबांची टोपी भिजली, आणि मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं.

"कोण खोकलं?" मी डस्टर टेबलावर दाणकन आपटला. "इथं आवाज चालत नाही म्हणून किती वेळा ओरडून सांगू?"

अख्खं बाक बाहेर काढलं. धूर विस्कटलेलाच!

साहेब शांतपणे म्हणाले, "कर्णिक, तुम्ही जरा फळ्यावर कारणं लिहा. तोंडानं बोलू नका."

मी धुसफुसत खडू उचलला. दोन कारणं लिहून होतात न होतात, तोच पाठीमागून पोरं ओरडली, "आली, आली!" वळून बघतो तर रेघ सरळ! मी धावत पेटीशी गेलो, तोंड घातलं आणि बोंबललो, "बघा! हेच सांगत होतो मी!"

रेघ मोडली.

"कोणी केलं हे? आत्ताच्या आत्ता सांगा!"

पोरं माझ्याकडे बघतायत, हेडमास्तर छताकडे बघतायत.

साहेब उठले. "कर्णिक, फळी उत्तम आहे, पंखा उत्तम आहे. तुम्ही बाहेर उभे राहा."

मी! मला! माझ्याच वर्गातून!

व्हरांड्यात आलो तर मोझेस मास्तर, गोमा आणि ते अख्खं बाक भिंतीला टेकून ओळीनं उभे. मोझेस मास्तरांनी सरकून मला जागा करून दिली. कोणी हसलंसुद्धा नाही. त्याचा तर मला जास्तच राग आला.

गोमानं साहेबांचा तांब्या पुढे केला. "घ्या मास्तर. घसा सुकला आसंल."

इतक्यात आत टाळ्यांचा कडकडाट झाला. अहो, माझ्या प्रयोगाला टाळ्या, आणि मी बाहेर पाणी पितोय!

साहेब घाम पुसत बाहेर आले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "सुंदर प्रयोग. यांना कायम करा."

माझी छाती फुगली. "साहेब, मी तर आधीपासून..."

"फक्त प्रयोग चालू असताना यांना आत घेऊ नका."

झालो कायम. आणि मग दर वर्षी पनवेलच्या पोरांना हा धडा शिकवला चित्रकलेच्या मास्तरांनी, आणि विज्ञानाचा पगार घेणारा मी तेवढा वेळ व्हरांड्यात तोंड मिटून उभा!