उजेडाचा शेक

धुळ्यात पहाट आधी सायकलवाल्यांना कळते, मग बाकीच्यांना. प्रशील अशा पहाटे फागण्यापर्यंत सायकल मारून यायचा आणि मग तेलाच्या गिरणीत पाळीला जायचा. त्याचे वडील पितांबर त्याच गिरणीत शेवटपर्यंत हमाल होते. ‘ए पित्या’ यापलीकडे त्यांना कुणी हाक मारली नाही. नावातला अर्धा भाग घरी ठेवूनच ते कामावर जात असावेत.

दर हिवाळ्यात धुळे ते पारोळा सायकलींची शर्यत होते. पहिल्या तिघांना किल्ल्यासमोर उभं करतात आणि भोंग्यावरून नाव पुकारतात, वडलांच्या नावासकट. प्रशीलला एवढंच हवं होतं. तो कितीदा तरी चौथा आला होता. हितेंद्र, कापड दुकानातला, जो नेहमी पहिल्या तिघांत असायचा, त्याला ‘चौथेभाऊ’च म्हणायचा. यंदाची शेवटची संधी. पुढच्या वर्षी प्रशील चाळिशीच्या वरच्या गटात जाणार, आणि त्या गटाला पोहे मिळतात, पुकारा नाही.

म्हणून तो हुमाताईंकडे गेला. त्या फिजिओथेरपिस्ट, वर घर, खाली दवाखाना. त्यांच्याकडे लाल दिव्यांची एक पाटी होती. पाय उशिरा थकावेत म्हणून सायकल मारण्याआधी मांड्यांवर तो उजेड घ्यायचा.

“काहींना फायदा होतो, काहींना नाही,” त्या म्हणाल्या. “अभ्यास करणाऱ्यांचंही अजून एकमत नाही. पण बघू या. दिवा आपोआप बंद झाला की उठायचं, प्रशीलभाऊ.”

पडदा ओढला की खोलीत तो लाल उजेड तेवढा उरायचा. प्रशील डोळे मिटायचा. पापण्यांच्या आत एक रस्ता उघडायचा, डाळिंबाच्या दाण्यासारखा, आतून उजळलेला. त्या रस्त्यावर चढ नव्हता, वारा नव्हता, ट्रक नव्हते. सायकल आपली आपणच चालायची. कडेच्या कपाशीत वडील उभे असायचे, पाठीवर पोतं नसलेले, आणि तो जवळ आला की काही बोलायला तोंड उघडायचे. तेवढ्यात दिवा बंद व्हायचा.

घरी त्याची माय, द्रौपदाबाई, विचारायची, “शेक बसना का रे?”

“हा, बसना, माय.”

“पाय गरम व्हयनात का?”

“गरम नही व्हस तो. उजेडना शेक शे.”

“गरमच नही व्हस, तं कसाना शेक?” माय चुलीशी तापत ठेवलेल्या विटेकडे बोट दाखवत हसली. “इटकरना शेक बरा तेन्हापेक्षा.”

प्रशीलही हसला, पण शब्द त्याच्या मनात रुतून बसला. शेक म्हणजे चटका लागेपर्यंत. अर्धवट शेकलं तर दुखणं आत राहतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. हुमाताई चहाला वर गेल्या की तो पाटी मांडीला भिडवायचा आणि दिवा विझला की पुन्हा बटण दाबायचा. पुन्हा. पाय काही गरम होत नव्हते, पण तो रस्ता लांबत जायचा, वडील आणखी थोडे जवळ यायचे.

खरा रस्ता मात्र जड होत चालला. फागण्याच्या अलीकडेच पाय भरून यायचे. शेक कमी पडतोय, त्याला वाटलं, आणि तो आणखी बसू लागला.

शर्यत दोन दिवसांवर आली तेव्हा हुमाताई काहीतरी विसरल्या म्हणून खाली आल्या. प्रशील उजेडात गाढ झोपला होता, बोट बटणावर.

“हे रोजचं आहे?”

त्याने मान डोलावली. “शेक बसत नव्हता, ताई.”

त्या स्टुलावर बसल्या. “चूक माझी आहे. सगळे पेशंट शेक म्हणतात, मीही म्हणू दिलं. भाऊ, हा शेक नाहीच. तापवणं हे त्याचं काम नाही. मापात घेतला तर कदाचित मदत करतो. जास्त घेतला की फायदाच होत नाही. आणि इतका वेळ एका जागी पडून पाय आखडणारच. आता शर्यतीपर्यंत बंद. आज नुसतं चालायचं.”

“उजेड नाही, तर मग मी नेहमीचाच चौथा.”

“नेहमीचाच जा,” त्या म्हणाल्या आणि पाटीची वायर काढून घेतली.

शर्यतीच्या सकाळी मुकटीपर्यंत प्रशील धुक्याच्या पोटातून गेला. डोळे उघडे होते, तरी सगळं झोपेतल्यासारखं दिसत होतं: पुढच्याची पाठ, ओली सडक, बांधावर थांबलेली बाई. वारा समोरून होता. मांड्या जळत होत्या, आणि त्या जळण्यात कुणाचा वाटा नव्हता, सगळं त्याचंच होतं. पारोळ्याच्या वेशीवर पुढे त्याच्यासह चौघं उरले. हितेंद्र मागे बघून म्हणाला, “चौथेभाऊ, जागा धरून ठेवली ना?” प्रशीलने मान खाली घालून पायडल दाबलं. शेवटच्या वळणावर समोरचा एक जण बाहेर फेकला गेला, प्रशील आतून सरकला. अर्ध्या चाकाने तिसरा.

किल्ल्यासमोर तिघं उभे राहिले. भोंगा खरखरला.

“तिसरा क्रमांक, प्रवीण पितांबर सोनवणे, धुळे!”

टाळ्या पडल्या. हितेंद्रने कोपराने ढोसलं. “अरे, नाव चुकलं तुझं. थांब, सांगतो त्याला.”

“राहू दे,” प्रशील म्हणाला.

“राहू दे काय? तुझं नाव आहे.”

“चुकलं ते माझं. पितांबर तर बरोबर आलं ना,” प्रशील म्हणाला. “राहू दे.”