खांद्यावरची कुऱ्हाड

आमच्या पोलीस ठाण्यातल्या रायटरभाऊंना विशेषणांचा भारी राग. जबाबात कुणी 'निर्दयपणे मारहाण केली' असं लिहिलं, की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "निर्दय तुले दिसलं का व पोरी? वार दिसते, रक्त दिसते. तेवढं लिव." चामोर्शीहून मी अहेरीपलीकडच्या त्या जंगलातल्या ठाण्यात नवी शिपाई म्हणून रुजू झाले होते. माझ्या पहिल्याच पानावर त्यांनी इतक्या रेघा मारल्या, की मला रडू फुटलं. मग स्वतःच चहा घेऊन आले.

हुद्दा हवालदाराचा, पण ठाण्याची सगळी लिखापढी त्यांच्याकडे. चोरी दिवसा झाली की रात्री, चोराकडे हत्यार होतं का, घरात म्हातारं माणूस होतं का, हे विचारल्याशिवाय पेनाचं टोपण उघडायचे नाहीत. "एका ओळीनं माणूस पाच वर्षं जास्त आत राह्यते," म्हणायचे. "ती ओळ खरी पाह्यजे." साहेब वैतागायचे, पण त्यांच्या कागदात खोट सापडत नसे.

अशा माणसाच्या हातून ती चूक झाली.

मोहफुलांच्या दिवसांत दोलसू नावाचा गोंड शेतकरी आपल्या पायांनी ठाण्यात आला. एका झाडाखालची फुलं कुणी वेचायची, यावरून चुलतभावाशी वाद झाला, शिवीगाळ झाली आणि दोलसूनं कुऱ्हाड घातली. एकच वार. भाऊ जागीच गेला. दोलसू ढसाढसा रडत होता. रायटरभाऊंनी त्याला पाणी दिलं, गोंडीतून सगळं विचारून घेतलं आणि लिहिलं, 'आरोपी कुऱ्हाड घेऊन झाडाजवळ आला.' शब्द न् शब्द खरा होता. मी शेजारीच बसले होते, मलाही काही खटकलं नाही. इकडे रानात निघालेल्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असतेच. पायात चप्पल होती, असं कुणी लिहितं का?

कोर्टाला ते ठाऊक नव्हतं. फुलं वेचायला टोपली लागते, कुऱ्हाड कशाला, असं सरकारी वकील म्हणाले. म्हणजे मारायच्या तयारीनंच आला. मग त्यांनीच रायटरभाऊंची साक्ष घेतली.

"आरोपी हत्यार घेऊन आला होता, हे खरं?"

"खरं साहेब, पण इकडं..."

"विचारलं तेवढंच सांगा."

दोलसूचा वकील नवखा, बाहेरगावचा. त्याला पुढचा प्रश्न सुचला नाही. रागाच्या भरातला सदोष मनुष्यवध ठरला असता, तर दोलसू काही वर्षांनी घरी आला असता. खून ठरला, जन्मठेप लागली.

परतल्यावर एसटीतून उतरताना रायटरभाऊ म्हणाले, "सगळ्याइले माहीत हाये म्हणून म्या लिवलं नाई. ज्याले ठरवाचं होतं, त्यालेच माहीत नव्हतं."

दोलसूच्या बायकोचं नाव चैती. बाजाराच्या दिवशी ती ठाण्यात डोकवायची. ती दिसली की रायटरभाऊ मागच्या खोलीत. एकदा तिनं गाठलंच. पदराखालून चारोळीची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुमी तं खरंच लिवलं ना भाऊ. तुमचा राग काऊन करू?" तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला नंतर म्हणाले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरचा वकील गाठून दोलसूचं अपील घातलं. मला आठवडी बाजारात उभं करून खांद्यावर कुऱ्हाड असलेल्या एकेका माणसाचे मोबाइलवर फोटो काढायला लावले. "भाऊ, लग्न जमवून राह्यले का आमचं?" असं लोक विचारायचे. रायटरभाऊ हसायचे आणि पुढच्या माणसाला उभं करायचे. अपिलात असे फोटो चालतात का, हे त्यांना माहीत नव्हतं. तरी प्रत्येक तारखेला ते फोटो छापून, पाकिटांत घालून ते नागपूरला जात राहिले.

गेल्या महिन्यात ते वारले. निकाल लागलेलाच नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या बौद्ध विधीला चैती आली होती. वंदना संपेपर्यंत मागे बसून राहिली, मग माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "बाई, आता तारखेले कोन जाईल?"

मी अजून नोकरीत आहे. पोलिसानं आरोपीच्या वकिलाकडे कसं जायचं, हे तिला समजावणं मला जमलं नाही. "मी जाईन," असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती निर्धास्त होऊन घरी गेली. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे आणि मी अजून रजेचा अर्ज लिहिलेला नाही.